ह्यू मिलर यांचा ‘ओल्ड रेड सँडस्टोन’ : शोध, ओळख आणि देवघेव

१

शास्त्रीय ग्रंथांचा विचार वाङ्मयीन टीकेने करावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे सहसा उपस्थितच होत नाही. शास्त्राचे अभ्यासक अशा ग्रंथातील निष्कर्ष तपासतात. ते जुने झाले, की ग्रंथ इतिहासाच्या कपाटात जातो. वाङ्मयाचे अभ्यासक त्याच्याकडे वळत नाहीत. वळलेच तर निसर्गवर्णनाचे चार उतारे वेचून, ‘शैली रसाळ आहे’ एवढा शेरा देऊन थांबतात. ह्यू मिलर यांचा ‘द ओल्ड रेड सँडस्टोन’ हा १८४१ मध्ये एडिंबरो येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ या दोन्ही वृत्तींना बळी पडला आहे. त्यातील भूशास्त्र मागे पडले, हे खरे. त्यातील वर्णने रसाळ आहेत, हेही खरे. परंतु ही दोन विधाने एकत्र केली तरी ग्रंथ हाती लागत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हा ग्रंथ मूलतः एका छंदाचा ग्रंथ आहे. अश्मीभूत मासे शोधणे, ते ओळखणे आणि त्यांची देवघेव करणे अशा तीन क्रिया त्या छंदात येतात. पहिल्या दोन क्रियांनी मिलर यांचे गद्य घडविले आहे. त्याचा कस, त्याची शिस्त आणि त्याचे सौंदर्य त्या क्रियांतूनच आलेले आहे. तिसऱ्या क्रियेविषयी मात्र ग्रंथ ऋणनिर्देशापलीकडे जात नाही. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला, त्याबदल्यात कोणास काय मिळाले, आणि ज्ञान अखेर कोणाच्या नावावर जमा झाले, हे प्रश्न त्याच्या कडेला उभे आहेत, पण लेखकाने त्यांना आत घेतलेले नाही. ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा उलगडा याच दृष्टीने होतो, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

लेखकाची माहिती प्रतिपादनापुरतीच देतो. मिलर यांचा जन्म १८०२ मध्ये उत्तर स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील क्रोमार्टी या लहान बंदरगावी झाला. वडील खलाशी, १८०७ मध्ये ते समुद्रात बुडाले. मुलाने शाळा अर्धवट सोडली आणि १८२० मध्ये, सतराव्या वर्षी, तो पाथरवटाच्या हाताखाली उमेदवार म्हणून लागला. सुमारे पंधरा वर्षे या धंद्यात काढल्यावर मिलर यांना गावच्या बँकेत हिशेबनिसाची जागा मिळाली आणि १८४० मध्ये ते ‘द विटनेस’ या एडिंबरोच्या पत्राचे संपादक झाले. स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेत त्या वेळी जो झगडा चालला होता, त्यातील सुधारक पक्षाचे हे मुखपत्र होते. १८४३ मध्ये त्या पक्षाने वेगळी चूल मांडून ‘फ्री चर्च’ स्थापन केले. प्रस्तुत ग्रंथातील प्रकरणे प्रथम याच पत्रातून १८४० मध्ये लेखमालेच्या रूपाने आली. १८५६ च्या डिसेंबरात, आजाराने आणि मानसिक क्लेशाने खचलेल्या अवस्थेत, मिलर यांनी स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला.

या हकीकतीतील दोन गोष्टी टीकेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक, मिलर दगडाकडे प्रथम पोटासाठी गेले, ज्ञानासाठी नव्हे. दुसरी, हा ग्रंथ विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधांतून तयार झालेला नसून, धर्मकारणात गुंतलेल्या सामान्य वाचकांच्या वृत्तपत्रातून आलेला आहे. त्याच्या वाचकाने मासा पाहिलेला आहे, पण अश्मीभूत मासा पाहिलेला नाही. आणि लॅटिन तर त्याला मुळीच येत नाही. मिलर यांच्या वर्णनपद्धतीचा उगम या अडचणीत आहे.

३

ग्रंथाचा प्रारंभ तरुण कामकऱ्यांना केलेल्या उपदेशाने होतो. सुखाचा शोध करमणुकीत न करता अभ्यासात करावा, आपल्या धंद्यातच कुतूहलाला खाद्य शोधावे, वरिष्ठ वर्गाचा मत्सर करू नये, चार्टिस्टांच्या सभांत वेळ दवडू नये, असा त्याचा आशय आहे. या उपदेशाकडे आपण पुढे येणारच आहोत. त्यास लागून लेखकाच्या खाणीतील पहिल्या दिवसाची हकीकत येते, आणि तेथेच गद्याचा पोत पालटतो. उपदेशाची भाषा सर्वसामान्य नामांची आहे. खाणीची भाषा वस्तूंची आहे. पहार, पाचर, सुरुंगाची दारू, ओघळलेला मातीचा कडा, त्यातून गडगडलेले मेलेले पक्षी, आणि सुरुंगाने मोकळी झालेली दगडाची एक लाद. या लादीवर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा लाटांच्या वळ्या उमटलेल्या आहेत.

येथे लेखक काय करतात ते पाहण्यासारखे आहे. ते वाचकाला सिद्धांत सांगत नाहीत. बंदरगावच्या मुलाने शेकडो वेळा तुडविलेली ओली वाळू आणि पायाखालची लाद ही दोन रूपे ते शेजारी शेजारी ठेवतात आणि त्यांच्यातील साम्य इतके नेमके मांडतात, की अनुमान वाचकाच्याच मनात तयार होते. जे आज घडताना दिसते त्यावरून पूर्वी घडलेले ओळखावे, हे तत्त्व त्या काळी चार्ल्स लायेल यांनी मोठ्या युक्तिवादाने मांडले होते. मिलर ते एका दगडाच्या पाठीवर दाखवितात.

माशांचा शोध मात्र त्या दिवशी लागला नाही. तो लागला १८३० मध्ये, म्हणजे धंद्यात पडल्यावर दहा वर्षांनी, आणि तोही घरापासून थोड्याच अंतरावरील किनाऱ्यावर. तेथील थरांत चुनखडीयुक्त, लांबट गोल दगडी गाठी असतात. अशी गाठ मधोमध फोडली, तर काही वेळा तिच्या पोटात डांबरासारख्या काळ्या रंगाचे खवले आणि हाडांच्या पाट्या चकाकताना दिसतात. गाठ माशाभोवतीच धरलेली असते. कुजणाऱ्या देहाच्या आसपास चुना साठत जाऊन ती तयार होते. म्हणून ती फुटते तीही बहुधा माशाच्या अंगावरूनच, आणि एका माशाचे दोन भाग हाती येतात: एकीकडे ठसा, दुसरीकडे प्रतिठसा.

पाथरवटाचा हातोडा दगडाला आकार देण्यासाठी असतो. संग्राहकाचा हातोडा दगडात आधीच असलेला आकार उघडा करण्यासाठी असतो. हत्यार एकच, पण वृत्ती उलट. पाथरवटाच्या मनात घडवावयाची आकृती अगोदर ठरलेली असते, संग्राहकाला ती ठरविता येत नाही. मिलर यांच्या शोधवर्णनांत जो संयम आढळतो त्याचे मूळ या उलटलेल्या वृत्तीत आहे. ते गाठ फोडतात आणि काही काळ थांबतात. वाक्येही थांबतात. आधी रंग येतो, मग चकाकी, मग कडा, आणि आकृती शेवटी. हौशी संग्राहकांच्या लेखनात नेहमी आढळणारी आढ्यता, म्हणजे सापडलेल्या वस्तूचे मोल आधी आणि रूप मागाहून सांगण्याची घाई, येथे जवळजवळ नाही.

४

ग्रंथाचा खरा गाभा दुसऱ्या क्रियेत, म्हणजे ओळखण्यात आहे. क्रोमार्टीच्या गाठींतून जो प्राणी सर्वांत चमत्कारिक निघाला, त्याला लुई अगासी यांनी पुढे ‘टेरिक्थिस’, म्हणजे पंखांचा मासा, असे नाव दिले. त्याचे धड हाडांच्या पाट्यांनी पेटीसारखे बंद; दोन्ही बाजूंना पाट्यांनीच मढविलेले, सांध्यावर वळणारे दोन लांब अवयव; मागे खवलेदार शेपूट. जिवंत प्राण्यांत याला जोड नाही. कोणास त्यात कासव दिसावे, कोणास कवचधारी कीटक दिसावा, असे त्याचे रूप आहे. ज्याला नावच नाही आणि ज्याच्यासारखे काही वाचकाने पाहिलेले नाही, त्याचे वर्णन करावयाचे कसे?

मिलर यांनी काढलेली वाट अशी: ते वाचकाला करड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात ओबडधोबड काढलेली एक मानवाकृती कल्पावयास सांगतात, आणि मग तिच्यातून एकेक गोष्ट वजा करीत जातात. डोके जाते, एक पाय जातो, उरलेला पाय सरकून मध्यावर येतो, हात मात्र पसरलेलेच राहतात. सर्व वजाबाकी संपली म्हणजे वाचकाच्या डोळ्यांपुढे जे उरते, तोच दगडातील मासा. कोकोस्टिअस या दुसऱ्या माशासाठी ते मुलांच्या पतंगाची आकृती घेतात: पुढे रुंद, मागे निमुळती, आणि शेवटी लांब शेपटी.

यांना उपमा म्हणणे पुरेसे नाही. काव्यातील उपमा उपमेयाला शोभा आणते आणि बाजूला होते. येथील आकृती हे मोजण्याचे साधन आहे. ती वाचकाच्या हाती देऊन, मग ती कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे दाखविले जाते. जुळत नाही तेथे नवी माहिती असते. घडीव दगड तयार करणारा कारागीर आधी ओबड दगड पुढे ठेवतो आणि नको तो भाग काढून टाकतो. लेखकही ओळखीच्या आकृतीतून नको ते काढून टाकीत अनोळखी आकृतीपर्यंत येतात. धंद्याची सवय वाक्यरचनेत अशी उतरावी, हे उदाहरण गद्याच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या पद्धतीचा दुसरा गुण असा, की ओळखताना झालेला गोंधळ ती लपवीत नाही. शास्त्रीय निबंधात निर्णय आधी येतो आणि पुरावा त्याच्यामागे शिस्तीत उभा राहतो. मिलर यांच्या ग्रंथात कित्येक ठिकाणी पुरावा आधी येतो, दोनतीन चुकीच्या ओळखी मध्ये येतात, आणि निर्णय शेवटी येतो. तोही बहुधा दुसऱ्या कोणाच्या तोंडून. त्यामुळे ओळखणे ही क्रिया वाचकास आतून दिसते. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखाद्या अपरिचित नमुन्याचे टिपण कसे करावे, याचा धडा आजही या पानांवरून देता येईल. नाव ठाऊक नसताना जे वर्णन टिकते, तेच नाव बदलल्यावरही टिकते. ‘टेरिक्थिस’ हे नाव दुसऱ्या माशासाठी आधीच वापरलेले निघाल्यामुळे नियमानुसार बदलावे लागले, आणि आज हा प्राणी ‘टेरिक्थिओडीस’ म्हणून ओळखला जातो. मिलर यांच्या वर्णनाला त्यामुळे कोठेही धक्का लागत नाही.

५

हा संयम जेथे सुटतो तेथे ग्रंथ कमजोर होतो. क्रोमार्टीपासून ऑर्कनी बेटांपर्यंत, विस्तीर्ण प्रदेशात, विशिष्ट थरांत हे मासे दाटीने सापडतात. कित्येकांची शरीरे वाकलेली, पर ताणलेले, काटे उभारलेले. मिलर यांनी यावरून एका भयंकर आकस्मिक संहाराचे चित्र उभे केले. मृत्यूच्या क्षणीची भीती आणि वेदना त्यांना त्या शरीरांच्या ठेवणीत दिसली. ग्रंथातील हा भाग फार गाजला आणि उताऱ्यांच्या संग्रहांत शिरला. टीकाकाराने मात्र येथे थोडे सावध राहिले पाहिजे.

आजच्या समजुतीप्रमाणे हे थर एका विशाल सरोवराच्या तळाशी साचले. आर्चिबाल्ड गायकी यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याला ‘लेक ऑरकेडी’ हे नाव दिले. त्याचा काळ डिव्होनियन युगाचा मध्य, म्हणजे सुमारे ३८.५ ते ३९ कोटी वर्षांपूर्वीचा. कागदासारखे पातळ थर एकावर एक साचलेले आहेत. खोल पाण्यात प्राणवायू नसे, म्हणून तळाशी गेलेल्या देहांना खाणारे कोणी नव्हते. शेवाळाची बेसुमार वाढ, पाण्यातील प्राणवायूची घट, क्षारांचे बदलते प्रमाण अशा कारणांनी मासे वरचेवर मोठ्या संख्येने मरत असावेत. वाकलेले शरीर हे पुष्कळदा मरणानंतरच्या आकुंचनाचे फळ असते, भीतीचे नव्हे.

मिलर यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. तो त्यांचा दोष नाही. दोष निराळा आहे. ‘पंखांच्या माशा’च्या वर्णनात त्यांनी मानवाकृती घेतली ती वजा करण्यासाठी. संहाराच्या वर्णनात त्यांनी मानवी भावना घेतल्या त्या मिळविण्यासाठी. पहिल्या ठिकाणी मानवी रूप हे साधन आहे, दुसऱ्या ठिकाणी ते निष्कर्ष बनले आहे. भाषा अधिक ओजस्वी झाली, पण डोळा मिटला. निसर्गवर्णनाचे उतारे वेचणाऱ्यांनी नेमका हाच भाग उचलावा, यात आश्चर्य नाही. परंतु ग्रंथाचे श्रेष्ठत्व त्यावर ठरवू नये.

हीच प्रवृत्ती पुढे ‘फुटप्रिंट्स ऑफ द क्रिएटर’ या १८४९ च्या ग्रंथात बळावली. १८४४ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाने जीवसृष्टीच्या क्रमविकासाचा पुरस्कार केला होता. त्याला उत्तर म्हणून मिलर यांनी स्ट्रॉमनेसचा ‘अॅस्टरोलेपिस’ हा मोठा मासा पुढे आणला. इतक्या जुन्या थरांत इतका मोठा आणि प्रगत मासा असेल, तर साध्यातून प्रगत होण्याचा क्रम खोटा, असा युक्तिवाद होता. पुढील अभ्यासात असे आढळले, की त्या माशाच्या मस्तकाच्या पाट्या आज होमोस्टिअस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याच्या होत्या, आणि त्याला जोडलेले दात व जबडे निराळ्याच जातीच्या माशाचे. ज्या माशावर सारा युक्तिवाद उभा होता, तो मासा तसा कधी अस्तित्वातच नव्हता. ओळखण्याची क्रिया जेव्हा वादाच्या सेवेला लागते, तेव्हा दोन अर्धे तुकडे एक प्राणी होऊन बसतात. १८४१ च्या ग्रंथात ओळख हीच प्रयोजन होती. १८४९ च्या ग्रंथात ती शस्त्र झाली. गद्याच्या दर्जातही हा फरक स्पष्ट जाणवतो.

६

आता तिसरी क्रिया, देवघेव. मिलर यांच्या गाठी क्रोमार्टीतच राहिल्या असत्या, तर आज आपण त्यांचे नाव घेतले नसते. त्या हातोहात पुढे गेल्या. पुढे नेणाऱ्यांत डॉ. जॉन माल्कमसन यांचे नाव आपल्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. ते मद्रास येथे कंपनी सरकारच्या चाकरीत शल्यवैद्य होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व भागातील जीवाश्मांवर त्यांनी लिहिलेला निबंध १८४० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने छापला. मायदेशी असताना त्यांनी आपल्या मोरे परगण्यातील तांबड्या वालुकाश्माचा अभ्यास केला आणि मिलर यांच्या शोधाला विद्वानांच्या जगाशी जोडून देण्यास हातभार लावला. पुढे ते मुंबईच्या एका व्यापारी पेढीत आले, आणि १८४४ मध्ये त्यांचा अंत हिंदुस्थानातच झाला.

याच वर्तुळात अल्टायरच्या लेडी गॉर्डन-कमिंग होत्या. त्या आपल्या जमिनीतील गाठी फोडवून घेत, माशांची चित्रे काढीत व काढवीत, आणि नमुने अगासी व इतर विद्वानांकडे पाठवीत. सर फिलिप एगर्टन आणि लॉर्ड एनिस्किलन हे दोन सरदार मित्र होते. दोघांनाही माशांचा नाद. एकच दगड फोडून ठसा एकाने आणि प्रतिठसा दुसऱ्याने घ्यावा, असा त्यांचा प्रघात होता. दोघांचे संग्रह अखेर ब्रिटिश म्युझियममध्ये आले आणि कित्येक माशांचे दोन अर्धे पुन्हा एका छताखाली भेटले. दक्षिण इंग्लंडात लाइम रीजिस येथे मेरी अॅनिंग ही सुताराची मुलगी मासे व सरडे खणून विकीत असे; तिला ती हौस परवडणारी नव्हती, तिचा तो चरितार्थ होता.

या सर्वांच्या मधोमध अगासी उभे होते. १८३३ ते १८४३ या काळात त्यांनी अश्मीभूत माशांवरील आपला महाग्रंथ पाच खंडांत पुरा केला. तांबड्या वालुकाश्मातील माशांवरील स्वतंत्र प्रबंध १८४४–४५ मध्ये आला. त्यांच्याकडे नमुने यावेत आणि त्यांच्याकडून नावे जावीत, असा हा व्यवहार होता. ‘टेरिक्थिस मिलेरी’, ‘केरोलेपिस कमिंगी’, ‘अॅक्रोडस अॅनिंगी’ या नावांकडे या दृष्टीने पाहिले, तर नाव हेच या देवघेवीतील चलन होते, हे ध्यानात येते. पैशाने विकणाऱ्या मुलीला, भेट देणाऱ्या सरदारकन्येला आणि पत्रे लिहिणाऱ्या पाथरवटाला मिळालेला मोबदला एकाच टांकसाळीतला होता. आणि ती टांकसाळ त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती नव्हती.

मिलर या सर्वांचे ऋण मोकळेपणाने मान्य करतात. ग्रंथ त्यांनी सर रॉडरिक मर्चिसन यांना अर्पण केला आहे. परंतु या व्यवहाराचा विचार ते करीत नाहीत, आणि त्याचे कारण प्रारंभीच्या उपदेशात सापडते. कामकऱ्याने अभ्यासात सुख शोधावे आणि वरच्या वर्गाशी झगडू नये, असे ज्यांनी पहिल्याच पानावर सांगितले, त्यांना ज्ञानाच्या क्षेत्रातही वर आणि खाली आहे, शोधणारा खाली आणि नाव देणारा वर आहे, हे उघड बोलणे अवघड होते. ग्रंथाचे यश स्वतःच त्या उपदेशाला पुरावा म्हणून उभे राहते: पाहा, पाथरवट संपादक झाला, माशाला त्याचे नाव मिळाले! अपवादाला नियमाचे रूप देण्याची ही चूक आहे.

या चुकीचे मोल कोणी दिले, हे पाहावयाचे असेल तर थर्सो येथील रॉबर्ट डिक यांचे चरित्र पाहावे. ते पाव भाजण्याचा धंदा करीत. पहाटे भट्टी आटोपून मैलोगणती चालत जावे, खडक फोडावेत, आणि सापडलेले मासे मिलर यांना फुकट द्यावेत, असा त्यांचा क्रम. ‘फुटप्रिंट्स’मधील पुष्कळ सामग्री त्यांची होती, आणि मिलर यांनी ते नमूद केले आहे. डिक यांनी स्वतः एकही ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. १८६३ मध्ये त्यांच्या पिठाची पोती घेऊन येणारे जहाज फुटले आणि कर्ज फेडण्यासाठी वर्षानुवर्षे जमविलेला संग्रह त्यांना विकावा लागला. १८६६ मध्ये ते वारले. त्यांचे चरित्र सॅम्युएल स्माइल्स यांनी लिहिले ते १८७८ मध्ये. आणि ‘मायक्रोब्रॅकिअस डिकी’ या नावातून ज्या लहान माशाने त्यांची आठवण राखली आहे, तेही मरणोत्तरच. २०१४ मध्ये याच माशाच्या नराच्या शरीराजवळील आकड्यांवरून, पृष्ठवंशीय प्राण्यांत शरीरांतर्गत फलनाचा अतिप्राचीन पुरावा मिळाला. ज्याने तो पहिल्याने खडकातून काढला, त्याच्या हाती मात्र शेवटी संग्रहही उरला नव्हता.

७

यावर असा आक्षेप येईल, की देवघेवीचे अर्थकारण हा इतिहासकाराचा विषय आहे. ग्रंथात जे नाही त्यासाठी ग्रंथास दोष देणे टीकेच्या शिस्तीत बसत नाही. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु ज्या ग्रंथाचा सारा प्राण वस्तूचे स्थान नेमके सांगण्यात आहे, त्याने वस्तूच्या प्रवासाविषयी संक्षेप करणे ही त्याच्या स्वतःच्याच कसोटीवरील उणीव ठरते. मासा कोणत्या थरात, कोणत्या बाजूस तोंड करून, कोणत्या सोबत्यांसह सापडला, हे सांगणारा लेखक तो मासा पुढे कोणाच्या हाती गेला हे सांगतो, तेव्हा तो वर्णनाचीच एक पायरी पुढे जातो. स्थळाची नोंद आणि हस्तांतराची नोंद या एकाच प्रामाणिकपणाच्या दोन बाजू आहेत.

आजच्या व्यापाराकडे पाहिले म्हणजे हे अधिक पटते. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात केमरर गावाजवळ ग्रीन रिव्हर थरांतील मासे खाणींतून काढून विकले जातात. त्यांतील नाइटिया हा लहान मासा इतका विपुल आहे, की जगभरच्या दुकानांत तो मिळतो. १९८७ पासून तो त्या राज्याचा अधिकृत जीवाश्म आहे. तेथे हा व्यवहार उघड आणि कायद्याने बांधलेला आहे. उलट ब्राझीलने १९४२ च्या कायद्याने जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता ठरविली, तरी सेआरा प्रांतातील गाठींतले मासे परदेशी बाजारांत पोहोचतच राहिले. बाजारात आलेल्या माशाला पुष्कळदा तुटलेला पर रंगवून जोडलेला असतो, दोन माशांचा एक केलेला असतो, आणि चिठ्ठीवर थराचे नाव नसते. असा मासा सुंदर असू शकेल, पण तो काहीच सांगत नाही. स्कॉटलंडात २००८ मध्ये जी जीवाश्म-संहिता तयार झाली, तिने हौशी संग्राहकाला बंदी केली नाही. नोंद ठेवा, परवानगी घ्या, महत्त्वाचा नमुना संग्रहालयास कळवा, असे सांगितले. मिलर यांच्या छंदाची तीनही अंगे तिने एकत्र पाहिली, असे म्हणावयास हरकत नाही. मिलर यांचा सहा हजारांवर नमुन्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर विखुरला नाही, तो एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणूनच त्यांच्या वर्णनांची पडताळणी आजही दगडाशी करता येते. हे भाग्य डिक यांच्यासारख्या कित्येकांना लाभले नाही.

८

या ग्रंथाचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. संबंध दूरचा नाही. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा येथे सापडलेला अश्मीभूत मासा कर्नल साइक्स यांनी १८५१ मध्ये लंडनच्या विद्वानांपुढे मांडला, आणि त्याचे वर्णन केले ते उपर्युक्त एगर्टन यांनी. त्याचे नाव ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’. दख्खनचा मासा त्याच देवघेवीच्या जाळ्यातून गेला, ज्यातून क्रोमार्टीचा गेला होता. मिलर ज्या फ्री चर्चची बाजू आपल्या पत्रातून लढवीत, त्याच संस्थेचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. हंटर यांच्या सहकार्याने त्यांनी नागपूर परिसराच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथील लॅमेटा थरांतले मासे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये वर्णिले, तेव्हा त्यांतील एकाला ‘इओसेरॅनस हिस्लॉपी’ हे नाव मिळाले. कोटा किंवा डोंगरगाव येथे पहिला दगड ज्या मजुराने उलटला असेल, त्याचे नाव या नामावळीत नाही. डिक यांना निदान मरणोत्तर लाभले, ते त्याला तेवढेही लाभलेले नाही.

‘विटनेस’मध्ये मिलर यांची लेखमाला आली, त्याच १८४० साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ सुरू झाले आणि शास्त्रीय विषय मराठीत येऊ लागले. दोन्ही ठिकाणी वाचक असा होता, की ज्याला विषयाची परिभाषा ठाऊक नाही. मिलर यांनी परिभाषेच्या आधी कारागिराची आणि किनाऱ्यावरच्या माणसाची भाषा वापरली. आपल्या शास्त्रीय गद्याने पुढे संस्कृत धातूंवरून परिभाषा घडविण्यात फार श्रम घेतले, आणि ते आवश्यकही होते. परंतु खवला, कल्ला, पर, काटा हे शब्द कोळ्याकडे, आणि छन्नी, टाकी, घडीव, लाद हे शब्द पाथरवटाकडे तयार होते. त्यांच्याकडून वर्णन शिकण्याचे काम आपण अर्धवटच केले. नाव देण्यापूर्वी पाहावे कसे आणि पाहिलेले सांगावे कसे, हे या ग्रंथापासून शिकण्यासारखे आहे. आणि सांगताना, हा दगड प्रथम कोणाच्या हाती आला होता, हेही सांगावे. ते या ग्रंथाने जेवढे सांगितले त्याहून अधिक सांगण्याची जबाबदारी आता त्याच्या वाचकांवर आहे.